पन्नास सह्या

तपासणीला आलेलं पथक हेमांगीचं लॉगबुक चाळत होतं आणि तिला शिसारी येत होती. सर्जरीच्या शिक्षणात तीन वर्षं तिने दुर्बिणीच्या ऑपरेशनात नुसता कॅमेरा धरला होता. चाकू विभागप्रमुख कुंटेसरांनी कधी हाती दिलाच नाही. तरी ‘अपेंडिक्सचं ऑपरेशन, स्वतः केलं’ अशा पन्नास नोंदींखाली त्यांनी सह्या ठोकल्या होत्या. विभागाची मान्यता टिकायला हवी ना!

तेवढ्यात सरच पोट धरून खाली बसले. त्यांचंच अपेंडिक्स सुजलं होतं.

“या बाईंनी पन्नास केलीत की,” पथकप्रमुख म्हणाले. “यांच्याकडूनच करून घ्या.”

“हिच्याकडून?” सर स्ट्रेचरवर ताडकन उठून बसले. “अहो, हिने आजवर एकही केलेलं नाही!”

हेमांगीने पथकाकडून लॉगबुक घेऊन सरांच्या मांडीवर ठेवलं, पेनाचं टोपण काढलं.

“हेही लिहून सही करा, सर.”