निरोगी बाळाचं माप

"थायमस : छातीच्या हाडामागील ग्रंथी. निरोगी अर्भकात ती लहान असते." डॉक्टर लेक जुन्या वैद्यकीय ग्रंथातून आईला वाचून दाखवत होती.

"माझी मोठी निघाली होती," आई कौतुकाने म्हणाली. हा किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता.

"मोठी असल्यास श्वास कोंडून मूल दगावते. क्ष-किरण देऊन ती आक्रसवावी."

"तेच केलं ना! चार महिन्यांची होते मी. तुझी आजी म्हणायची, डॉक्टरांच्या रूपात देवच भेटला. नाहीतर तू कुठून आली असतीस गं, माझं डोकं खायला?"

लेक हसली. मग पुढची ओळ तिने मनातच वाचली आणि तिचं हसू थिजलं.

"गप्प का झालीस? वाच की मोठ्यानं."

"सदर माप... अनाथालयात मृत झालेल्या बालकांच्या शवविच्छेदनातून घेतले आहे."

"म्हणजे?"

"त्या मुलांची उपासमार झालेली असायची, आई. उपासमारीत ही ग्रंथी आपोआप आक्रसते."

आईचा हात आपसूक गळ्याकडे गेला. कॅन्सरची गाठ काढल्याचा व्रण तिथे होता. तो कॅन्सर त्या किरणांमुळेच झाला असावा, हे लेकीने तिला मागेच सांगितलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, "होऊ दे. जिवावरचं गळ्यावर निभावलं."

"मग मला झालं काय होतं गं?"

"काहीच नाही. आजी तुला पोटभर पाजत होती."