फिडलला भोक पाडायचं नाही

आवाज मोठा करणारी दोन मशीनं खरखरली म्हणून मी परत धाडली. सुरतेचं तिसरं, जुनं, गोड बोललं, पण तारांचा आवाज मशीनकडे नेणारा पिकप फिडलवर टिकेना. दोऱ्याने बांधला, घसरला. डिंकाने चिकटवला, गळला. संध्याकाळी खांडबाऱ्याला लग्नात वाजवायचं होतं. मागच्या लग्नात बँडपुढे आमची फिडल कोणाला ऐकूच गेली नव्हती. मशीन जोडायला आलेला मिस्त्री म्हणाला, "मावशी, भोक पाडून स्क्रू मारतो." मी म्हटलं, "आधी तुन्हं नाक टोच, नथ मी देसू!" फिडल आमच्या मालकांची, ते वारल्यावर आमचा मुलगा लोटन वाजवतो. मी ओट्यावर चार येरझाऱ्या घातल्या. मग कपड्यांच्या पेटीच्या तळातून माझा जुना कुंकवाचा करंडा काढला, कुंकवाखाली लावायचं मेण मळलं आणि पिकप दाबून बसवला. लोटनने गज ओढला, मशीनचा भोंगा स्वच्छ गायला. सून माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिली. "काय देखी ऱ्हायनी?" मी म्हटलं. "मेण त्यासनाच नावनं व्हतं, त्यासनाच फिडलना कामे उनं."