राहिलेली दृष्ट

कृष्णात उमेदीत आपल्या पेठेकडून फुटबॉल खेळला, मग गोव्यात आणि पुढं मस्कतला कोच झाला. दोन हजार सहा साली कोल्हापुरात परतला तो पलीकडच्या पेठेचा कोच होऊन, आणि फायनल पडली नेमकी आपल्याच पेठेशी. तिथला गोलकीपर आदर्श डावीकडं उशिरा झेपावतो, हे कृष्णातशिवाय कुणाला ठाऊक? गल्लीत त्याला पहिल्यांदा गोलात उभा केला तो कृष्णातनंच. त्यानं आपल्या पोरांना सांगितलं, "डावीकडं मारा." दोन्ही गोल तिकडूनच झाले.

संध्याकाळी घासघासून विजयाचा गुलाल धुतला आणि तो आदर्शच्या आईपुढं, विठाकाकूपुढं, मान खाली घालून उभा राहिला. तो खेळायचा तेव्हा प्रत्येक मॅचआधी काकूच त्याची दृष्ट काढायची. आज मात्र तिला चुकवून तो मागच्या बोळानं मैदानावर गेला होता.

"काकू, शिव्या घाला."

"घालीन की. सकाळधरनं दारात वाट बघत बसलेली मी. मागनं का रं गेलास?"

"मी आता तिकडचा झालोय न्हवं."

"दृष्ट काय पेठ बघून लागती व्हय?" काकू आतनं मुठीत मीठ-मोहरी घेऊन आली. "आदर्शची काढली. तुझी तेवढी राहिलीया. बस खाली."