दाराआडचं बोलणं

दिग्दर्शिका रोंडाने ‘कट’ म्हटल्याबरोबर कोणीतरी पंखा लावला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी गळ्याजवळची बटणं सोडली. चित्रीकरण चालू असताना आवाजामुळे पंखा बंद ठेवावा लागे. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरातल्या त्या जुन्या कोकोच्या गोदामात, प्लायवूडच्या भिंतींच्या आत, दुपारी जीव नकोसा होई.

गार्नेट पँटिन मात्र तसाच बसून राहिला. मालिकेत तो ज्यूरीचा प्रमुख होता. दर आठवड्याला एक खटला, एक बंद खोली आणि टेबलाभोवती भांडणारे बारा जण, एवढीच ती मालिका. पण ती घरोघरी पाहिली जाई, आणि बाजारात लोक गार्नेटला ‘प्रमुखसाहेब’ म्हणून हाक मारत.

आज त्याचं लक्ष राहून राहून कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे जात होतं.

युलाली जोसेफ तिचं नाव. या आठवड्याचा भाग तिच्या मुलाच्या खुनावरून लिहिलेला होता. नावं बदलली होती, गाव बदललं होतं, तरी ज्यांनी ओळखायचं ते सगळे ओळखणारच होते. तिचा जेरॉल्ड स्टीलपॅन या वाद्याची तालीम आटोपून घरी येत असताना गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी त्याला भोसकलं. ज्याला धरलं होतं, त्याला ज्यूरीने सोडून दिलं. सकाळी ही बाई चर्चला जायचा निळा झगा घालून गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. आपण भांडायला आलेलो नाही, असं तिने रोंडाला आधीच सांगून टाकलं. ज्यूरीत बसलेल्यांनी आतलं बोलणं मरेपर्यंत बाहेर काढायचं नाही, असा तिथला कायदा. तेव्हा आत काय झालं असेल, ते निदान इथे तरी ऐकावं, एवढंच तिचं मागणं होतं. रोंडाला नाही म्हणवेना. आवाज रेकॉर्ड करणाऱ्याने तिला एक हेडफोन काढून दिला.

आता तो हेडफोन खुर्चीवर ठेवून ती टेबलाजवळ आली. गार्नेटने उठून तिला आपली खुर्ची दिली. ती बसली नाही.

“सकाळपासून ऐकतेय,” ती म्हणाली. “सुरीवर बोललात. गल्लीतला दिवा चालू होता का बंद, त्यावर किती वेळ बोललात. ज्याला धरलं त्या पोराची शाळा, त्याची आई, त्याचं पुढं कसं होईल, सगळं बोललात. माझ्या पोराला नुसतं ‘मयत’ म्हणताय. त्याचं नाव का नाही घेत कोणी?”

रोंडाने तिला बाजूला घेऊन समजावलं. लेखकाने मार्लन असं नाव ठेवलं होतं, पण भाग लांबला म्हणून ती वाक्यं गाळली गेली. आणि खरं नाव घेण्याचा तर प्रश्नच नव्हता, वाहिनीच्या वकिलांनी तसं बजावून ठेवलं होतं. बाईने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली.

पंखा बंद झाला. कॅमेरा सुरू झाला. गार्नेटने काही ठरवलेलं नव्हतं. ‘मयत जमिनीवर पडला होता,’ हे त्याचं वाक्य आलं, आणि तो म्हणाला, “जेरॉल्ड जमिनीवर पडला होता.”

मग समोरची म्हातारी व्हर्ना, जिचं वाक्य पुढे होतं, सावकाश म्हणाली, “जेरॉल्डनं त्याला पाहिलं असणार.” तिच्या शेजारच्यानेही नाव घेतलं. मग त्याच्या पलीकडच्याने. रोंडाने कोणालाच थांबवलं नाही. प्रसंग शेवटापर्यंत जाऊ दिला आणि मग खालच्या आवाजात सांगितलं की हे वापरता येणार नाही, पुन्हा करावं लागेल. गार्नेट म्हणाला, ठाऊक आहे.

त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. बाईचे डोळे भरून येतील, असं त्याला वाटलं होतं. ते कोरडे होते.

“चांगलं बोललात तुम्ही सगळे,” ती म्हणाली. “पण तिथं असं झालं नसणार. झालं असतं, तर बाहेर येताना त्यांच्यातल्या एकानं तरी माझ्याकडं बघितलं असतं.”

तोच प्रसंग पुन्हा झाला. या वेळी सगळे ‘मयत’ म्हणाले.

उरला होता तो न्यायालयाच्या दालनातला प्रसंग. निकाल सांगायला ज्यूरी दारातून बाहेर येते, रांगेने, खाली मान घालून. रोंडाने बाईला घरी सोडायला गाडी मागवली होती, पण ती गाडीत बसली नाही. कॅमेऱ्याच्या मागे, मयताच्या नातेवाइकांसाठी मांडलेल्या बाकाच्या टोकाशी ती जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन. तिला उठवायला कोणी गेलं नाही.

दार उघडलं. प्रमुख म्हणून गार्नेट पहिला बाहेर आला. दोन पावलं त्याने खाली मान घालूनच टाकली. मग त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तो थांबला, तशी मागून येणारी व्हर्नाही दाराच्या आतच थांबली. रोंडाने ‘कट’ म्हटलं नाही.

युलाली जोसेफने त्याची नजर बराच वेळ धरून ठेवली. मग तिने आपली नजर त्याच्यावरून काढून दाराकडे वळवली. अजून अकरा जण यायचे होते.