असरच्या नमाजेआधी

मक्केतल्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला, शवागाराच्या दारासमोर मैमुना बाकावर बसली होती. पहाटे बदरुद्दीनच्या छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. हॉटेलच्या लाँड्रीत उभी हयात घालवलेला तिचा नवरा आता त्या दारामागे होता, आणि त्याचा धाकटा भाऊ नौशाद शिक्क्यांसाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर पळत होता.

“भाभी, कागद झाले,” तो परत येऊन म्हणाला. “तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेला हरमच्या मशिदीत नेता येईल. पण मी म्हणतो, आजची रात्र थांबू. रुमाना निघालीय. पोरीला बापाचं तोंड बघू दे. इथली माणसं उद्यापर्यंत ठेवायला तयार आहेत.”

मैमुनाने सरकून त्याला बाकावर जागा करून दिली.

“आणि आली की तिला परत पाठवायचं नाही.” नौशाद बाकाच्या कडेला टेकला. त्याचे डोळे रडून सुजले होते. “भाईच गेला, आता तुमचा इथे राहायचा इकामा कुठला राहतोय? तुम्हा दोघींना मी बाणकोटला घेऊन जातो. माझ्या आकिबच्या लग्नासाठी मी अजून दुसरीकडे शब्द टाकलेला नाही. बिनबापाची पोर त्या परक्या मुलखात कशाला ठेवायची? भिंतीवरची चित्रं पुसायला?”

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. भावाच्या पोरीची त्याला खरंच काळजी होती. पासपोर्टची झेरॉक्स राहिली म्हणून तो उठला. त्याचा मोबाइल बाकाशेजारी चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला.

रुमाना फ्लॉरेन्सला होती. जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करायला शिकत होती. मैमुनाला ते कधी पटलं नाही. त्यावरून तिने नवऱ्याशी भांडणं काढली, अबोला धरला, पोरीला फोनवर ‘परत ये’ याशिवाय दुसरं काही सांगितलं नाही. बदरुद्दीन मात्र पोरीने एका चित्रातला गाल आठवडाभर कापसाने कसा स्वच्छ केला, ते लाँड्रीतल्या झाडून सगळ्यांना सांगत सुटला होता. सांगताना स्वतःच्या गालावर बोट फिरवायचा. “असं. हळू. घासायचं नाही.”

आज मैमुनाला पोर हवी होती. आत्ता, इथे, या बाकावर, अंगाला अंग लावून. ती आली की आपण तिला सोडणार नाही, हे मैमुनाला पक्कं ठाऊक होतं. नौशाद न्यायला उभा राहील आणि आपण तिचा हात धरून बसू. ‘जा’ म्हणायला बदरुद्दीन होता. आपल्याच्याने तो शब्द निघायचा नाही.

फोन वाजला.

“अम्मी, मी रोमच्या विमानतळावर आहे. आता आत सोडतील. रात्री जेद्दाहला उतरते. अब्बांना ठेवलंय ना?”

मैमुनाने समोरच्या दाराकडे पाहिलं.

“झालं,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“दफन झालं. मघाशी दुपारी, जोहरच्या नमाजेलाच नेलं.”

पलीकडून नुसता गर्दीचा आवाज येत राहिला. कुणीतरी कुठल्याशा विमानाची घोषणा करत होतं.

“एक रात्र, अम्मी. एकच रात्र थांबायचं होतं. चाचा म्हणाले होते, थांबू.”

“मी नको म्हटलं.”

“मी तरी येते. तुझ्याजवळ राहते.”

“माझ्याजवळ नको. मला तुझी गरज नाही. आहेस तिथे राहा.”

“तू मुद्दाम केलंस हे.” रुमानाचा आवाज फाटला. “मी तुझं न ऐकता शिकायला गेले, त्याचा सूड घेतलास. माझ्या अब्बांचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस. सूडच ना हा?”

मैमुनाने अबायाची बाही मुठीत आवळली. नाही म्हटलं की पोर विमानात बसणार.

“हो,” ती म्हणाली.

फोन बंद झाला. लगेच शेजारचा नौशादचा मोबाइल थरथरायला लागला. पडद्यावर रुमानाचं नाव होतं. मैमुनाने तो चार्जरवरून काढला, बंद केला आणि पर्समध्ये टाकला. संध्याकाळी सगळ्यांना सगळं कळणारच होतं. तोवर विमान गेलेलं असेल.

नौशाद झेरॉक्स घेऊन आला.

“असरलाच नेऊ,” मैमुना म्हणाली. “ती येत नाही.”

“येत नाही? बाप गेला तरी?”

“परीक्षा आहे म्हणाली.”

नौशाद तिच्याकडे बघत राहिला. मग हातातले कागद उगाच सारखे करत पुटपुटला, “हे शिकायला पाठवलं होतं तिला भाईने.”

मैमुनाने मान खाली घातली. तो वळला आणि मय्यत उचलायला माणसं बोलवायला गेला.

मय्यतीची आंघोळ, गुस्ल झाल्यावर त्यांनी तिला आत बोलावलं. बदरुद्दीनचा चेहरा तेवढा उघडा होता. केस ओले होते, कापराचा वास येत होता. मैमुना उभी राहून बघत होती. आंघोळ घालणारा म्हातारा बर्मी होता. त्याने बराच वेळ थांबून कफनाची कड हातात घेतली.

“और कोई आनेवाला है, अम्मा? बेटा, बेटी?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“खलास?”

“खलास,” मैमुना म्हणाली.