उसनी चाकं

दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या छपरीत रादिम मयताच्या गाड्यापाशी उकिडवा बसला होता आणि डाव्या चाकाचे स्पोक एकेक करून चाचपत होता. त्यांच्यावर काळ्या रंगाचे थरावर थर चढले होते. मध्येच एक स्पोक हाताला जाड लागला. त्यानं तो पुन्हा चाचपला. मग चाकूनं रिमवरचा रंग खरवडला, तर खालून जावा मोटरसायकलच्या रिमवर असते तशी लाल पट्टी निघाली.

तो जाड स्पोक त्याच्या बापानं, बोहुमीरनं, तरुणपणी आपल्या मोटरसायकलच्या तुटलेल्या स्पोकच्या जागी स्वतः घडवून घातला होता. ती गोष्ट रादिमनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. गेल्या रविवारी शेजाऱ्याच्या मयताला गाडा ओढताना त्याला पहिल्यांदा शंका आली, आणि आज आईची कबर साफ करण्याच्या निमित्तानं त्यानं छपरीची किल्ली मागून घेतली होती.

तीन वर्षं तो बापाची जुनी जावा उभी करत होता. इंजिन चालू झालं होतं, टाकी रंगवून झाली होती. गाडी तेवढी अजून लाकडी ठोकळ्यांवर होती, कारण चाकं नव्हती. तू लहान असताना ती चोरीला गेली, असं बापानं सांगितलं होतं. जुन्या गाड्यांच्या बाजारातून आणलेल्या दोन जोड्या बापानं नुसता हात लावून परत पाठवल्या. तिला तिची चाकं आहेत, म्हणाला. औषधांमुळे बरळतोय, असं रादिमला वाटलं. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली होती आणि ऑक्टोबर सरत आला होता. त्याआधी बापाला एकदा त्या सीटवर बसवायचं, एवढंच रादिमच्या डोक्यात होतं.

दारात आनेश्का मावशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात शेवंतीची कुंडी होती. दफनभूमीची किल्ली आणि हा गाडा तिच्याच ताब्यात असे, आणि तिच्यापुढे पाद्रीबाबांचंही काही चालत नसे.

"ही आमच्या गाडीची चाकं आहेत, मावशी. चोरीला गेलेली," रादिम म्हणाला. "इथे कुणी आणून लावली?"

"चोराचं नाव सांगू?" तिनं कुंडी खाली ठेवली. "बोहुमीर."

मग तिनं सगळं सांगितलं. रादिमची आई गेली त्या जानेवारीत चढाचा रस्ता नुसता बर्फाचा झाला होता. सहा जणांनी शवपेटी खांद्यावर घेतली, पण वळणावर एकाचा पाय सटकला आणि पेटी खाली गेली. घसरत पार गटाराच्या कठड्यापर्यंत गेली. झाकण उघडलं नाही, पण आदळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्या दिवशी बोहुमीर दोन हातांत दोन चाकं घेऊन बर्फातून चालत वर आला आणि इथेच बसून त्यानं हा गाडा केला. पुन्हा कुणाचंच माणूस पडायला नको, म्हणाला. आणि मावशीला गप्प राहायला सांगितलं.

"चार वर्षांच्या पोराला काय सांगणार होता तो?" ती म्हणाली.

रादिम जमिनीवरच बसला. ब्रेकच्या थाळ्या बापाच्या शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात होत्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या. चोर चाकं नेतो तेव्हा थाळ्या काढून, पुसून मागे ठेवत नाही. आयुष्यभर तो डबा त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि एवढी साधी गोष्ट त्याला कळली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

थोड्या वेळानं त्यानं चाकं उसनी मागितली. मावशीनं गाड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ने. पण कुणाला लागली तर त्याच दिवशी परत आणायची. सध्या रांगेत दोघंच आहेत, तुझा बाप आणि मी. मला काही घाई नाही."

पुढचे दोन दिवस रादिम शेडमधून बाहेर आला नाही. त्यानं रंग खरवडला, बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं, चाक फिरवत रिमजवळ खडू धरला आणि खडू जिथे लागला तिथले स्पोक आवळले. जाड स्पोकला मात्र पाना लावला नाही. डब्यातल्या थाळ्या जागच्या जागी बसल्या. पुढच्या चाकाचा आस त्यानं नुसत्या हातानं सरकवला आणि तो पार आत गेला. मग त्यानं गाडीखालचे ठोकळे काढून घेतले.

रविवारी जेवणानंतर त्यानं बापाला उचलून सीटवर बसवलं. पायजम्यावर कोट होता, डोक्यावर हॅट होती. उचलताना वजन जाणवलंच नाही.

बोहुमीरनं वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आनेश्का बोलली तर," तो म्हणाला.

रादिमनं मान हलवली. त्याला पुष्कळ विचारायचं होतं, पण त्यानं किक मारली. इंजिन लागलं. बापाच्या कमरेला हात देऊन त्यानं गाडी अंगणातून फाटकापर्यंत ढकलत नेली. गिअर टाकायचं धाडस दोघांनीही केलं नाही. फाटकाशी बोहुमीरनं ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली आणि तो खुशीत हसला.

फाटकातून समोर दफनभूमीचा चढ दिसत होता. वळणापाशी गटाराचा कठडा होता. बोहुमीर तिकडे पाहत राहिला. मग त्यानं टाचेनं मागचा टायर दाबून पाहिला.

"मागच्यात हवा कमी आहे," तो म्हणाला. "परत गाड्याला लावशील तेव्हा भर. मी काही तुझ्या आईसारखा हलका नाही."