परातीतला कोंडा

मुर्री गावातल्या गॅरेजात भुवनेश्वर सकाळपासून एकाच कारखाली पडून होता. रेडिएटर रिकामा केला, पाइप बदलले, सगळं कोरडं पुसलं. तरी खाली ठेवलेल्या परातीत पाणी टपकतच होतं.

"काऊन गळून राहिली जी?" कारच्या मालकीण ओमेश्वरी मॅडमनी वाकून विचारलं.

"थांबा नं मॅडम. शोधल्याबिगर मी उठतच नाही."

तलावाच्या मातीच्या पाळीला भोक पडलं की त्याचे आजोबा पाण्यावर धानाचा कोंडा टाकत. भोक जिकडं असेल तिकडं कोंडा ओढला जाई. इथं भोक वर गाडीत होतं, हे त्याला कळत होतं. पण दुसरा उपाय उरला नव्हता. सांडलेलं तेल टिपायला बाजूला ठेवलेल्या पोत्यातला मूठभर कोंडा त्यानं परातीत टाकला.

कोंडा हळूहळू त्याच्या बाजूच्या काठाला येऊन लागला.

तो सरपटत पलीकडं गेला. कोंडाही पलीकडं आला. वारा तर अजिबात नव्हता.

भुवनेश्वरनं दात आवळले आणि पाण्यात बोट बुडवलं. कोंडा बोटाभोवती गरगर फिरला आणि एकेक कण बोटाला टेकून दिसेनासा झाला. मग पाणीही उतरू लागलं.

"गळती सापडली का?" वरून मॅडमनी विचारलं.

"सापडली" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तर जिभेवर ओला कोंडा होता.